मोशे नसलेलं बायबल

१८०७ साली लंडनमध्ये छापलेल्या एका बायबलात मोशे फारोसमोर कधी उभाच राहत नाही. योसेफाची गोष्ट त्यात आहे. भावांनी विकलेला मुलगा मिसरात गुलाम होतो, धन्याशी इमान राखतो, तुरुंगात खितपत पडतो आणि शेवटी राजाच्या खालोखाल मानाला चढतो. पण त्याच मिसरातले गुलाम एके रात्री उठून चालू लागतात, समुद्र दुभंगून वाट देतो, पाठलागावर आलेली फारोची फौज बुडते, तो सगळा भाग गायब. निर्गमाचं पुस्तक सुरू होतं ते एकदम एकोणिसाव्या अध्यायापासून, सीनाय पर्वताच्या पायथ्याशी. ही माणसं इथवर आली कशी, कुणाच्या तावडीतून सुटली, याचा वाचणाऱ्याला थांग लागत नाही. दहा आज्ञा मात्र शाबूत आहेत.

ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांवरच्या निग्रो गुलामांसाठी निवडलेले वेचे, अशा अर्थाचं शीर्षक या पुस्तकावर उघड छापलेलं होतं. प्रॉटेस्टंट बायबलाचे अध्याय १,१८९. त्यांतले २३२ इथं आले. जुन्या कराराचा जवळजवळ ९० टक्के भाग कापला गेला, नव्या कराराचा निम्मा. स्तोत्रं नाहीत, प्रकटीकरण नाही. माणूस पळवून विकणाऱ्याला देहान्त सांगणारं कलम नाही. पळून आलेल्या दासाला पुन्हा धन्याच्या हवाली करू नका, हा नियम नाही. ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही, असं पौलानं गलतीकरांना लिहिलं, तेही नाही. आणि दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, असं त्याच पौलाच्या नावानं इफिसकरांना लिहिलेलं पत्र? ते आहे.

ही कात्री चालवणारे लोक मळेवाले नव्हते, याचं मला अधिक वाटतं. पुस्तक काढणाऱ्या संस्थेच्या मागे लंडनचे बिशप बेल्बी पोर्टियस होते आणि ते गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे बोलत आलेले होते. ज्या वर्षी हे बायबल छापलं, त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं हा व्यापार बेकायदा ठरवला. व्यापार बंद झाला; गुलामगिरी चालूच होती. शेजारच्या हैतीत गुलामांनी उठाव करून १८०४ मध्ये स्वतःचं राज्य उभं केलेलं, मळेवाल्यांची झोप उडालेली. सबंध बायबल गुलामांच्या हाती द्यायला हे मालक कधी राजी होणार नाहीत, तेव्हा निदान एवढं तरी देऊ, असा हिशेब त्या सज्जनांच्या मनात असावा. सज्जनांचे हिशेब बरेचदा असेच असतात.

या पुस्तकाच्या मोजून तीन प्रती आज माहीत आहेत. एक अमेरिकेत, टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरी, फिस्क विद्यापीठात आहे. मुक्त झालेल्या गुलामांना शिकता यावं म्हणून १८६६ साली निघालेलं हे विद्यापीठ. ज्यांना पूर्ण पुस्तक द्यायचं नाही असं ठरलं होतं, त्यांच्याच भाईबंदांच्या ग्रंथालयात ते अर्धं पुस्तक शेवटी मुक्कामाला आलं.

अमेरिकेच्या दक्षिणेत कात्री लावायची गरजच पडली नाही. तिथं अनेक राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. बायबल त्याच्या कानी पडायचं ते मालकानं आणलेल्या पाळकाच्या तोंडून, आणि त्या पाळकाचे विषय ठरलेले. एक, धन्याची आज्ञा. दुसरा, नोहाचा शाप. नोहा द्राक्षारस पिऊन उघडा पडला, त्याचा मुलगा हाम यानं ते पाहिलं, आणि त्या पापामुळे हामचे वंशज म्हणजे आफ्रिकेतली काळी माणसं कायमची गुलाम झाली, अशी ही उपपत्ती. मूळ कथेत शाप हामला नाहीच. त्याच्या मुलाला, कनानला आहे. कातडीच्या रंगाचं तर तिथं नावही नाही. पण कापसाच्या शेतीला एवढे बारकावे परवडत नव्हते. या कनानला वाचकानं ध्यानात ठेवावं, तो पुढे वेगळ्याच वाटेनं पुन्हा भेटणार आहे.

आणि तरीही मोशे पोचला. रात्री काम आटोपल्यावर माणसं रानात, झाडोऱ्यात जमायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लोखंडी हंडा उपडा घालून ठेवायची. हंडा आवाज गिळतो अशी श्रद्धा. मुक्त झालेल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी पुढे आपल्या आठवणींत हा उपडा हंडा सांगितला आहे. तिथं ज्याला चार अक्षरं येत तो वाचायचा, बाकीचे पाठ करायचे, आणि पाठ केलेलं गाण्यात उतरायचं. मोशे, फारो, यार्देन नदी. मालक ऐकायचा आणि म्हणायचा, बघा, किती भाविक आहेत! गुलामांना पळवून उत्तरेत नेणाऱ्या हॅरिएट टबमन यांना लोक मोशे म्हणू लागले, ते उगाच नव्हे.

दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला डेन्मार्क व्हेसी नावाचा सुतार होता. त्याला १७९९ मध्ये लॉटरी लागली, तिच्या पैशातून त्यानं स्वतःला मालकाकडून विकत घेतलं. १८२२ साली गुलामांचा उठाव घडवून आणण्याच्या आरोपावरून त्याला फाशी झाली. एकूण ३५ जण फासावर गेले. हा कट प्रत्यक्षात किती होता आणि घाबरलेल्या गोऱ्यांच्या मनात किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण खटल्याच्या कागदांत साक्षीदार सांगतात की व्हेसी लोकांना इस्राएली माणसं मिसरातून कशी सुटली ते वाचून दाखवायचा. तो ज्या आफ्रिकन मेथडिस्ट मंडळीत जाई, तिचं चर्चच शहरानं पाडून टाकलं. एका गोष्टीला एवढं भिणारं सरकार! त्या गोष्टीत काय आहे हे त्याला पुरतं समजलेलं होतं.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्लोरिडातल्या डेटोना गावी एक मुलगा आपल्या आजीला रोज बायबल वाचून दाखवत असे. हॉवर्ड थर्मन त्याचं नाव. वडील लवकर गेले, आई लोकांच्या घरी स्वयंपाक करायची, तेव्हा मुलगा वाढला आजीजवळ. नॅन्सी अ‍ॅम्ब्रोज यांचा जन्म गुलामीतला. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. त्यांची एक अट असे: पौलाची पत्रं वाचायची नाहीत. फार झालं तर करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला प्रीतीचा अध्याय कधीमधी चालायचा. थर्मननं मोठेपणी धीर करून कारण विचारलं. आजीनं सांगितलं की मालकाचा पाळक अधूनमधून यायचा आणि वर्षातून तीन-चारदा तरी पौलाच्या हवाल्यानं गुलामांना मालकाच्या आज्ञेत राहायला सांगायचा. तेव्हाच तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की कधी सुटलो आणि कधी वाचायला आलं, तर बायबलाच्या त्या भागाला हात लावायचा नाही.

एक कात्री लंडनच्या बिशपांकडे होती, दुसरी या निरक्षर बाईकडे. पुस्तकाच्या चिकित्सेचे जे पंथ पुढे विद्यापीठांतून निघाले, त्या सगळ्यांच्या आधी मी या आजीला बसवीन. मजकूर कोण वाचतो, कुणासमोर, कुणाच्या फायद्यासाठी, हे तिनं ओसरीवर बसून ओळखलं होतं.

थर्मन पुढे पाळक झाले, प्राध्यापक झाले. १९३५ च्या शेवटी पत्नी सू बेली थर्मन आणि आणखी एक दांपत्य यांच्यासह ते हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले. कोलंबोच्या लॉ कॉलेजात व्याख्यान झालं. नंतर तिथल्या एका कायदेपंडितानं त्यांना गाठून विचारलं की तुमच्या लोकांना ज्या धर्माच्या माणसांनी जहाजांत कोंबून नेलं, तोच धर्म घेऊन तुम्ही इथं काय करता? गुलाम वाहणाऱ्या एका जहाजाचं नावच ‘जीझस’ होतं ना? होतं. सोळाव्या शतकात जॉन हॉकिन्स एलिझाबेथ राणीच्या मालकीचं ‘जीझस ऑफ ल्युबेक’ घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं धरायला गेला होता. जगातल्या साऱ्या काळ्यासावळ्या माणसांशी तुम्ही दगा करताय, असं तो गृहस्थ तोंडावर म्हणाला. थर्मन रागावले नाहीत. आपण येशूच्या धर्माचे आहोत, येशूविषयीच्या धर्माचे नव्हे, असा काहीसा फरक ते तिथं करू पाहत होते. पण प्रश्न त्यांच्या अंगात रुतून बसला.

फेब्रुवारी १९३६ मध्ये हे मंडळ तेव्हाच्या मुंबई इलाख्यात बारडोलीला गांधीजींना भेटलं. सुमारे तीन तास बैठक चालली आणि बराच वेळ प्रश्न गांधीजींनीच विचारले: गुलामगिरी, मताधिकार, झुंडीनं माणसं मारण्याचे प्रकार, शाळा. तुमचे लोक मुसलमान का झाले नाहीत, हाही त्यांतला एक. त्या धर्मात तरी गुलाम मालकाच्या पंक्तीला येतो, हा त्यांचा मुद्दा. निघताना गांधीजींच्या विनंतीवरून पाहुण्यांनी गुलामांच्या काळातली दोन भजनं गायली. कोलंबोतल्या त्या प्रश्नाला थर्मन यांनी सविस्तर उत्तर दिलं ते १९४९ साली, ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या छोट्या पुस्तकात. येशू हा रोमन साम्राज्याच्या टाचेखाली जगणाऱ्या जमातीतला गरीब यहुदी होता. रोमन नागरिकत्वाचं कवच त्याच्याकडे नव्हतं, पौलाकडे होतं. भिंतीला पाठ लागलेल्या माणसाला हा येशू काय सांगतो, एवढंच थर्मन विचारतात. आजीची गोष्ट त्याच पुस्तकात आहे. मार्टिन ल्यूथर किंग हे पुस्तक प्रवासात जवळ बाळगत, असं सांगतात.

थर्मन यांचा सूर संथ, ध्यानी माणसाचा. पुढच्या पिढीकडे तेवढी सवड नव्हती.

जून १९६६ मध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनवूड गावी स्टोकली कारमायकेल या तरुण कार्यकर्त्यानं ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली आणि गोरी मंडळी बिथरली. गोऱ्या चर्चच्या पुढाऱ्यांनी काळ्या पाळकांकडे अपेक्षेनं पाहिलं, तुम्ही तरी या पोरांना आवरा. ३१ जुलैच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये काळ्या धर्मगुरूंचं पानभर निवेदन आलं ते नेमकं उलट. सत्ता एका बाजूला आणि सद्सद्विवेक दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी झाली की दोन्ही बिघडतात, असा त्याचा सूर होता. पुढच्या वर्षी ईस्टरच्या दिवशी डेट्रॉइटच्या एका चर्चमध्ये वेदीमागे अठरा फुटी चित्राचं अनावरण झालं: काळी मरिया, मांडीवर काळा बाळ येशू. चित्र ग्लँटन डाउडेल यांचं, पाळक अल्बर्ट क्लीग. येशू खरोखरच काळा होता, इतिहासात, रक्तामांसानं, असं क्लीग ठणकावून सांगत. चार महिन्यांत डेट्रॉइट पेटलं. ४३ माणसं मेली, रस्त्यांवर लष्कराचे रणगाडे आले.

तिथून शंभरेक किलोमीटरवर एड्रियन नावाच्या लहान गावच्या कॉलेजात २८ वर्षांचा एक प्राध्यापक धर्म शिकवत होता. जेम्स कोन. आर्कान्सातल्या बेर्डन या लहानशा खेड्यात वाढलेला, आफ्रिकन मेथडिस्ट मंडळीतला. व्हेसीचं चर्च याच मंडळीचं. कोननं डॉक्टरेट मिळवली होती कार्ल बार्थ या स्विस पंडितावर, बार्थला माणूस कसा दिसतो या विषयावर. डेट्रॉइटच्या बातम्या ऐकताना त्याच्या ध्यानात आलं की बार्थबद्दल आपण तासन्‌तास बोलू शकतो, पण त्या ४३ मृतांबद्दल आपल्या ईश्वरविज्ञानाजवळ एक शब्द नाही. वर्गात समोर बसलेल्या गोऱ्या पोरांना तो युरोपातले वाद समजावून सांगत होता, आणि ते वाद ना त्या पोरांचे होते, ना त्याचे.

४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये किंग यांचा खून झाला. त्या उन्हाळ्यात कोन लिटल रॉकला भाऊ सेसिल याच्या चर्चमध्ये जाऊन बसला आणि काही आठवड्यांत एक पुस्तक हातावेगळं केलं. ‘ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर’ १९६९ मध्ये आलं. अमेरिकेच्या आजच्या घडीला ब्लॅक पॉवर हाच ख्रिस्ताचा संदेश आहे, असा त्याचा दावा. किंग आणि माल्कम एक्स यांतला एक निवडा, असं सगळे सांगत असताना हा म्हणत होता की एकानं मला ख्रिस्ती ठेवलं आणि दुसऱ्यानं काळा, दोघंही लागतील. १९७० च्या दुसऱ्या पुस्तकात तो आणखी पुढे गेला: देव काळा आहे. क्लीग यांच्यासारखा वंशाचा दाखला काढून नव्हे. जो देव मिसरातल्या गुलामांची बाजू घेतो, जो गोठ्यात जन्मतो आणि राजद्रोह्याच्या मरणानं मरतो, तो अमेरिकेत कुठं सापडेल? जिथं चाबूक पडतो तिथं. आणि अमेरिकेत चाबूक कुणावर पडतो ते सांगायला पंडित लागत नाही.

या पुस्तकांची भाषा आज वाचतानाही चटका देते. कोन कुणाची मनधरणी करत नाही. तळटीपा मात्र बार्थ आणि जर्मन पंडितांच्या, ही त्यातली गंमत, आणि ती सगळ्यांत आधी घरातल्याच माणसांनी पकडली. काळ्यांच्या मुक्तीची भाषा तू गोऱ्यांच्या कोठारातून उसनी आणतोस, असा आक्षेप सख्ख्या भावानं, सेसिल कोननं, १९७५ मध्ये पुस्तक लिहून घेतला. धर्मांचे इतिहासकार चार्ल्स लाँग म्हणत की ईश्वरविज्ञान हा प्रकारच मुळी जिंकणाऱ्यांनी घडवलेला आहे. तत्त्वज्ञ विल्यम आर. जोन्स यांनी १९७३ च्या पुस्तकाला नावच दिलं ‘इज गॉड अ व्हाइट रेसिस्ट?’. देव पीडितांच्या बाजूचा असेल तर एवढ्या शतकांत त्याचा पुरावा कुठं आहे, हा त्यांचा प्रश्न. कोननं यातलं बरंच मनावर घेतलं. तो गुलामांच्या भजनांकडे आणि ब्लूज गाण्यांकडे वळला, लोककथांकडे वळला. उपड्या हंड्याशेजारी जे घडलं होतं तेच आपलं मूळ साधन, असं म्हणू लागला. एव्हाना तो न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत होता. तिथं तो १९६९ ला गेला आणि २०१८ मध्ये मृत्यूपर्यंत तिथंच शिकवत राहिला.

तिथल्याच एका विद्यार्थिनीनं त्याच्या पायाखालची सतरंजी ओढली. डेलोरेस विल्यम्स यांचं ‘सिस्टर्स इन द विल्डरनेस’ १९९३ चं. काळे पुरुष निर्गम वाचतात, काळ्या बायका हागार वाचतात, हे त्याचं सार मी माझ्या शब्दांत सांगतो. हागार ही अब्राहामाच्या घरची दासी. साराला मूल होईना म्हणून हिला नवऱ्याकडे पाठवलं. दिवस गेल्यावर छळलं, तेव्हा ती रानात पळाली. देव तिला तिथं भेटतो आणि सांगतो काय, तर परत जा, मालकिणीच्या हाताखाली राहा. पुढे तिला पोरासकट हाकलून दिलं जातं, तेव्हा देव पाण्याची विहीर दाखवतो. जगायला पुरेल एवढं देतो, सोडवत नाही. तरीही बायबलात देवाला स्वतःहून नाव देणारी पहिली व्यक्ती हीच दासी आहे. पाहणारा देव, असं ती त्याला म्हणते. आणि हागार मिसरी आहे! निर्गमात मिसरी मालक आणि इब्री गुलाम. इथं इब्री मालक आणि मिसरी गुलाम. पुढच्या-मागच्या दोन पुस्तकांत अदलाबदल. कोनच्या देवाची कायम एकच बाजू होती, आणि तीत ही बाई कुठंच बसत नव्हती. काळ्या बायकांनी हागारला फार आधीपासून आपली मानलेलं होतं. एडमोनिया लुइस या शिल्पकर्तीनं १८७५ मध्येच तिला संगमरवरात उभं केलं. पंडितांच्या यादीत ती यायला शंभरावर वर्षं गेली. कोननं बायकांबाबतची आपली चूक त्याआधीच कबूल केली होती: पहिल्या पुस्तकाच्या १९८९ च्या आवृत्तीत त्यानं जुनी पुरुषी भाषा मुद्दाम तशीच ठेवली, आपण कसे होतो याचा विसर पडू नये म्हणून.

त्याच १९८९ मध्ये आणखी मोठा हादरा बसला. रॉबर्ट अ‍ॅलन वॉरियर हे ओसेज जमातीचे, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांनी एका लेखात साधा प्रश्न विचारला: गुलाम मिसरातून निघाले, ठीक, पण ते पोचले कुठं? कनानात. तिथं आधीपासून माणसं राहत होती. त्यांची गावं, त्यांची शेतं होती, आणि देवानं आपल्या लाडक्या लोकांना सांगितलं की यांना उखडून काढा. निर्गमाची गोष्ट वाचताना माझी नजर मोशेवर नाही, कनानी लोकांवर जाते, असं वॉरियर लिहितात. अमेरिकेत उतरलेले गोरे स्वतःला नवे इस्राएली म्हणवत होते आणि वॉरियर यांचे पूर्वज त्यांच्या लेखी कनानी होते. नोहाच्या शापातला कनान तो हाच. एकदा काळ्यांना गुलाम करायला त्याचं नाव लागलं, एकदा लाल माणसांची जमीन घ्यायला.

मराठी वाचकाला इथं कोण आठवेल हे सांगायला नको. वामनाची गोष्ट बळीच्या बाजूनं वाचणारे जोतीराव फुले. दशावतारांतला एकेक अवतार घेऊन त्यांनी विचारलं की ज्यांना राक्षस म्हटलंत ते या भूमीचे धनी तर नव्हते? त्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं ‘गुलामगिरी’, आणि १८७३ मध्ये ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंची दास्यातून सुटका केल्याबद्दल. पुण्यात बसून त्यांनी मिसिसिपीशी जोडलेला हा धागा पुढे १९७२ च्या दलित पँथरच्या नावातही आला. १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाची मांडणी केली आणि तिथून भारतातल्या दलित ईश्वरविज्ञानाला तोंड फुटलं. त्यात कोनचं ऋण उघड आहे. फुल्यांचं किती, याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा.

दक्षिण आफ्रिकेत मात्र हा सगळा पेच फार आधीपासून, आणि रक्तबंबाळ. १८३० च्या दशकात डच वंशाचे बोअर शेतकरी ब्रिटिशांच्या केप वसाहतीतून बैलगाड्या जुंपून आत निघाले. ब्रिटिश म्हणजे फारो, आपण इस्राएल, पुढे वचनदत्त देश, अशी त्यांची भावना. ब्रिटिशांवरच्या त्यांच्या रागाचं एक कारण असं की त्यांनी गुलामगिरी बंद केली! गुलामांना सोडणारा फारो आणि त्याच्यावर रुसून निघालेले इस्राएली: जगाच्या इतिहासात निर्गमाचं याहून विचित्र वाचन मला माहीत नाही. १६ डिसेंबर १८३८ ला एन्कोमे नदीकाठी त्यांनी झुलू फौजेला कापून काढलं. लढाईआधी देवाला नवस बोलला होता. तो दिवस पुढे पिढ्यान्‌पिढ्या सण म्हणून पाळला गेला. वर्णभेदाच्या काळात डच रिफॉर्म्ड चर्चचे पंडित बाबेलच्या बुरुजाची कथा काढून सांगत की जमाती वेगवेगळ्या ठेवणं ही देवाचीच योजना.

या पंडितांच्या पुढ्यात १९७१ पासून विद्यार्थ्यांच्या शिबिरांतून ब्लॅक थिऑलॉजी उभी राहिली. स्टीव्ह बिको हा वैद्यकीचा विद्यार्थी त्यात होता. येशूला सहन करत राहणारा देव म्हणून नव्हे, लढणारा देव म्हणून ओळखा, असं तो मांडत होता. पहिला लेखसंग्रह सरकारनं बंदी घालून दाबला, तो लंडनहून पुन्हा निघाला. बिको १२ सप्टेंबर १९७७ ला पोलिसांच्या ताब्यात मेला. १९८५ मध्ये आणीबाणीच्या वरवंट्याखाली सोवेटोतल्या पाळकांनी ‘कायरोस’ हे निवेदन काढलं. सरकार रोमकरांच्या पत्राचा तेरावा अध्याय पुढे करत असे, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. पाळकांनी उत्तर दिलं की हा राज्यसत्तेचा देव आहे, मूर्ती आहे.

तिथलेच बायबलाचे अभ्यासक इटुमेलेंग मोसाला यांना एवढ्यानंही समाधान नव्हतं. तुम्ही सगळे, कोन काय आणि बिशप टुटू काय, बायबल मुळात आपल्या बाजूचं आहे, गोऱ्यांनी ते बिघडवलं, असं धरून चालता. पण पुस्तक लिहिलं कुणी? त्यांचं १९८९ चं पुस्तक काइन आणि हाबेलची कथा पुढ्यात घेतं. काइन शेतकरी, हाबेल मेंढपाळ. देवाला हाबेलचं अर्पण रुचतं, काइनचं रुचत नाही. का, ते कथा सांगत नाही. मोसाला म्हणतात की ही राजदरबारी लिहिलेली कथा आहे. ज्या काळी राजाचे बगलबच्चे गावकऱ्यांच्या जमिनी गिळत होते, त्या काळी प्रतिकार करणारा शेतकरी या कथेत खुनी होऊन उतरला. जमीन गेलेल्या देशात बसून ते हे लिहीत होते. वाचताना पटतंच असं नाही. त्यांचा पुरावा कुठं कुठं ताणलेला आहे. पण त्यानंतर काइनकडे पूर्वीसारखं बघवत नाही, हेही खरं. थर्मनच्या आजीनं पौलाला बाजूला सारलं होतं. मोसाला उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायापर्यंत जाऊन पोचले.

कोन यातलं सगळं ऐकत, भांडत, म्हातारा होत गेला. २०११ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यानं ‘द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री’ लिहिलं. १८८० ते १९४० या साठ वर्षांत झुंडींनी अमेरिकेत हजारो काळी माणसं मारली. झाडाला टांगली, जाळली, बाजूला उभं राहून फोटो काढले, त्यांची पोस्टकार्डं छापली. हे करणारे बहुतेक रविवारी चर्चला जाणारे. झाडाला टांगलेला माणूस आणि वधस्तंभावर टांगलेला माणूस. काळ्या बायाबापड्यांना, गाणाऱ्यांना, कवींना हे दोन्ही एकच दिसले. पण गोऱ्या ईश्वरविज्ञानात? रायनहोल्ड नीबर यांनी वधस्तंभावर आयुष्यभर लिहिलं, कोनच्याच सेमिनरीत, आणि त्या झाडाशी त्याचा संबंध एकदाही जोडला नाही. कोनला त्यांच्याबद्दल आदर होता, म्हणून त्याचा राग जास्त. हे पान कुणी कापलेलं नव्हतं. ते लिहिलंच गेलं नव्हतं.

त्या पुस्तकाच्या सुरुवातीला बेर्डनमधलं त्याचं घर आहे. वडील चार्ली कोन लाकूडतोडीवर पोट भरत. गावच्या शाळा काळ्यांसाठी वेगळ्या, म्हणून शाळा मंडळावर त्यांनी दावा लावला होता. नाव मागे घे, नाहीतर झाडाला टांगू, अशा धमक्या येत, आणि ते नाव मागे घेत नव्हते. संध्याकाळी त्यांची यायची वेळ टळली की पोराच्या पोटात गोळा यायचा. अंधार पडलेला असायचा, तो वडिलांच्या ट्रकची वाट बघत राहायचा. रस्त्यावरून दिवे येत, जवळ येत, आणि कधी कधी न थांबता पुढे निघून जात. मग तो पुढच्या दिव्यांची वाट पाहायचा.